वस्ती इकडं, शाळा तिकडं आणि मधी हायवे

बायपास म्हणजे गावाबाहेरून जाणारा रस्ता, ही व्याख्या मराठवाड्यात फार तर पंधरा-वीस वर्षं टिकते. मग गाव रस्त्याच्या पलीकडं उडी मारतं आणि बायपास गावाच्या पोटात येतो. छत्रपती संभाजीनगरचा बीड बायपास बघा ना. जड गाड्या शहरात शिरू नयेत म्हणून तो काढला तेव्हा त्याच्या दक्षिणेला सातारा, देवळाई ही खेडी, शेतं आणि मागं डोंगर, बस्स. पुढं शहरातले प्लॉट नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेर गेले तसे लोक पलीकडं सरकले, कुणी गुंठेवारीत दीड-दोन गुंठे घेतले, कुणी कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि बघता बघता तिकडं एक गावच उभं राहिलं. नगर परिषद झाली, ती महापालिकेत विलीनही झाली, पण नोकरी, कॉलेज, बाजार, मोठी ऑफिसं सगळं अलीकडंच राहिलं. मग रोज सकाळी अख्ख्या वस्तीला बायपास ओलांडणं आलं, आणि रस्त्यावरच्या ट्रकला काय माहीत की हा आता गावातला रस्ता झालाय, तो आपला हायवेच्या स्पीडनं येणार.

अपघात झाले, माणसं गेली, आंदोलनं झाली, मग रुंदीकरण आलं, सर्व्हिस रोड आले, देवळाई चौकात आणि संग्रामनगरजवळ उड्डाणपूल आले. आणि हे चालू असतानाच सोलापूर-धुळे हायवेचा, म्हणजे आताच्या एनएच ५२ चा, नवा बायपास आणखी दक्षिणेनं काढला, शहराजवळच्याच निपाणी गावापासून करोडीपर्यंत साधारण ३० किलोमीटर. आता प्लॉटिंगवाल्यांच्या बोर्डावर ‘नवीन बायपास टच’ असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांचं काम तयारच आहे.

ही एकट्या संभाजीनगरची गोष्ट नाही, लातूरचा रिंग रोड घ्या, धाराशिवला चिटकून गेलेला हायवे घ्या, जालना-बीडचे बायपास घ्या, कमी-जास्त प्रमाणात सगळीकडं हेच. तर प्रश्न असा की रस्त्यानं एकदा वस्ती तोडली की ती परत जोडता येते का, जगात कुणी जोडली का, आणि आपल्याकडं त्यातलं काय चालेल. इंजिनिअर लोकांची भाषा बाजूला ठेवून सांगतो.

आधी तुटतं म्हणजे नेमकं काय ते बघू. रस्ता रुंद आहे म्हणून वस्ती तुटत नाही, ती तुटते ओलांडता येत नाही म्हणून, आणि हे थोडं गणित केल्याशिवाय लक्षात येत नाही. चौपदरी रस्ता, मधला दुभाजक, कडेची पट्टी धरून ३० मीटर रुंदी समजा. चालणाऱ्याचा वेग सिग्नलच्या हिशोबात साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे ओलांडायला २५ सेकंद. समोरून गाडी ताशी ८० नं येतीय, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. २५ सेकंदांत ती साडेपाचशे मीटर येते. म्हणजे तुम्हाला न पळता, न थांबता रस्ता ओलांडायचा असेल तर अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त रस्ता मोकळा पाहिजे. तेवढा मोकळा रस्ता दिवसा कुठं मिळतो? आणि हा हिशोब धडधाकट माणसाचा, गुडघे दुखणाऱ्या आजीचा वेग ०.८ धरला तर तिला ३७ सेकंद लागतात, तिचा तर विषयच सोडा.

आता याच गणितात दोनच गोष्टी बदला. गाड्यांचा वेग ४० वर आणा आणि मधी दुभाजकावर माणसाला नीट उभं राहता येईल अशी जागा करा, म्हणजे एका वेळी १५ मीटरच ओलांडायचे. आता साडेबारा सेकंद लागतात आणि गाडी तेवढ्यात १४० मीटरच येते. साडेपाचशेवरून एकशेचाळीस! रस्त्याची रुंदी एक फूटसुद्धा कमी केली नाही, एक पूल बांधला नाही. शिवाय चुकून धडक बसलीच तर वाचण्याची शक्यता वाढते ती वेगळीच, जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ झाला तर चालणाऱ्याचा मरण्याचा धोका साडेचार पट होतो.

हे झालं एका वेळच्या ओलांडण्याचं. पण खरं तुटणं हळूहळू होतं आणि ते कुठल्या रजिस्टरमध्ये येत नाही. आई पोराला म्हणते पलीकडच्या क्लासला नको, इकडंच बघू. म्हातारे दोस्त संध्याकाळी देवळाच्या पारावर भेटायचे ते बंद होतं. किराणा दुकानदाराचं अर्धं गिऱ्हाईक पलीकडं राहतं ते येणं थांबतं. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या एका अभ्यासकानं १९६९ च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या तीन गल्ल्या घेतल्या, फरक फक्त वाहतुकीचा, एकीत दिवसाला २ हजार गाड्या, दुसरीत ८ हजार, तिसरीत १६ हजार. आणि लोकांना विचारलं, या रस्त्यावर तुमचे दोस्त किती? कमी गाड्यांच्या गल्लीत माणशी सरासरी ३, मधल्या गल्लीत १.३ आणि जास्त गाड्यांच्या गल्लीत १ सुद्धा नाही, ०.९. ‘तुमचं घर कुठपर्यंत’ असं नकाशावर काढायला सांगितलं तर शांत गल्लीतल्या लोकांनी अख्खी गल्ली धरली, गर्दीच्या गल्लीतल्यांनी स्वतःच्या दारापर्यंतच रेघ ओढली. आणि या साध्या गल्ल्या होत्या, हायवे नव्हता.

मग असे रस्ते बांधतात तरी का? कुणी दुष्टपणानं नाही बांधत. रस्ता आखायच्या आधी वाहनांची मोजणी करतात, कडेला पोरं बसवून किंवा कॅमेरे लावून, ट्रक किती, कार किती, टू-व्हीलर किती, बैलगाडीसुद्धा मोजतात, आणि त्या सगळ्यांचं कार-युनिटमध्ये रूपांतर करून किती लेन लागतील ते ठरतं. ही मोजणी मुख्यतः रस्त्याच्या दिशेनं जाणाऱ्यांची असते. आडवं जाणाऱ्यांची मोजणी झालीच तर मोठ्या चौकात होते. सकाळी साडेसहाला दुभाजकावरून डबा घेऊन उडी मारणारा कामगार कुठल्या तक्त्यात? ट्रकचे चार मिनिट वाचले तर ते प्रकल्पाच्या फायद्यात धरतात, बाईचे वीस मिनिट वाढले तर ते कुठंच धरत नाहीत. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ इथं आहे, पैशात नाही आणि टेक्नॉलॉजीत तर नाहीच.

आणि वीस मिनिट मी उगाच म्हणत नाही. समोरच्या बाजूला जायला सरळ रेषेत ३० मीटर, पण दुभाजक सलग आणि कट ७०० मीटरवर, म्हणजे ७०० जायचं आणि ७०० उलटं यायचं, पायी चालत वीस मिनिटंच होतात. कोण जाणार? टू-व्हीलरवाला राँग साईड घालतो, चालणारा दुभाजकाचा गज वाकवतो. मग पेपरात बातमी येते की नागरिकांना शिस्त नाही. अहो, शिस्तीची किंमत रोजची दीड किलोमीटर असेल तर ती संतसुद्धा पाळणार नाहीत.

अमेरिकेत हे सगळं आपल्या कितीतरी आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं. १९५६ ला त्यांनी हायवेचा कायदा केला, ४१ हजार मैल हायवे बांधायचे आणि खर्चातले ९० टक्के केंद्र सरकार देणार. शहरांना वाटलं फुकटच आहे, घ्या. रस्ते थेट शहरांच्या आतून काढले, आणि आखणी कुठून? जिथं जमीन स्वस्त आणि विरोध करणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही तिथून, म्हणजे बहुतेक वेळा काळ्या लोकांच्या वस्त्यांतून. सेंट पॉल शहरात रोंडो नावाची भरलेली काळी वस्ती होती, तिच्या मधून आय-९४ नावाचा हायवे गेला, शेकडो घरं गेली. न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यूवर मधोमध ओकच्या झाडांच्या रांगा होत्या, कडेनं काळ्या लोकांची दुकानं, तिथंच सगळे सण व्हायचे. १९६० च्या दशकाच्या शेवटी ती झाडं तोडून डोक्यावरून हायवेचा पूल नेला. लोक अजूनही मार्डी ग्राला, म्हणजे तिथल्या मोठ्या सणाला, त्या पुलाखाली जमतात, झाडाखालच्या ऐवजी काँक्रीटखाली.

रोंडोबाबत २०१५ ला तिथल्या महापौरांनी आणि राज्याच्या परिवहन खात्याच्या प्रमुखानं जाहीर माफी मागितली. हे मला महत्त्वाचं वाटतं. माफीनं रस्ता हलत नाही हे खरं, पण रस्ता हे नुकसान करू शकतो हे सरकारी तोंडानं मान्य झालं. मग २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात वस्त्या परत जोडण्यासाठी म्हणून वेगळी योजना आली, पाच वर्षांत १ अब्ज डॉलर. आकडा मोठा वाटतो पण अमेरिकेच्या हिशोबात किरकोळ, आणि पुढं सरकार बदललं तसा त्या कामांसाठीचा बराचसा न खर्चलेला पैसा २०२५ मध्ये काढूनही घेतला. म्हणजे निधी मंजूर, निधी परत, हा खेळ फक्त आपल्याकडंच चालतो असं समजू नका.

आता जोडायचे मार्ग. सगळ्यात नाट्यमय म्हणजे रस्ताच काढून टाकायचा. सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रकिनाऱ्याला चिटकून दुमजली हायवे होता, १९८९ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला, दुरुस्त करायचा की पाडायचा यावर रण माजलं आणि १९९१ ला पाडला. आज तिथं ट्राम आणि फूटपाथ आहे. सेऊलमध्ये चंगेचॉन नाल्यावर स्लॅब टाकून वर उन्नत रस्ता होता, २००३ ला पाडायला घेतला आणि २००५ ला तिथं ५.८ किलोमीटर नाला उघडा करून कडेनं चालायला जागा केली. सगळे म्हणाले आता ट्रॅफिकचा सत्यानाश होणार. झाला नाही, कारण रस्ता कमी झाला की काही लोक वेळ बदलतात, काही मार्ग बदलतात, काही बस-रेल्वेनं जातात आणि काही ते जाणंच टाळतात. पण आपले पुढारी सेऊलला जाऊन येतात आणि फक्त नाल्याचे फोटो दाखवतात. सेऊलकडं आधीपासून मेट्रोचं जाळं होतं आणि २००४ ला त्यांनी शहराची अख्खी बससेवा नव्यानं मांडली, ते कुणी दाखवत नाही. नुसता रस्ता पाडला असता तर बोंब झाली असती.

दुसरा मार्ग रस्ता पुरायचा. बॉस्टननं शहराच्या मधला उन्नत हायवे जमिनीखाली घातला, वर बाग केली. सुंदर झालंय म्हणतात, पण खर्च साधारण १५ अब्ज डॉलर आणि काम १९९१ ते २००७. तिसरा मार्ग झाकण घालायचं, डॅलसमध्ये २०१२ ला हायवेवर छत टाकून पाच एकराची बाग केली, दोन्ही बाजूचे लोक सरळ चालत एकमेकांकडं जातात. आपल्याकडच्या भाषणांत हे झाकणवालं मॉडेल लवकरच येणार बघा, म्हणून आधीच सांगतो, डॅलसमध्ये ते जमलं कारण तिथला हायवे आधीच जमिनीच्या खाली, खोल चारीत होता. वर स्लॅब टाकला की दोन्हीकडच्या गल्ल्या एका लेव्हलला. आपले हायवे नेमके उलटे, भराव टाकून जमिनीच्या वर उचललेले, कारण काळी माती पाणी धरते आणि खाली गेलं की बेसॉल्टचा काळा पाषाण फोडावा लागतो. त्यावर झाकण घालायचं म्हणजे लोकांनी आधी दोन मजले चढायचे.

म्हणून आपल्या कामाचे उपाय वेगळे आणि गरीब आहेत, पण तेच मला जास्त इंटरेस्टिंग वाटतात.

पहिला वाद भरावाचा पूल की पिलरचा पूल. उड्डाणपूल म्हटलं की आपण मधला भाग बघतो, खरी गोष्ट दोन्ही टोकांना असते. पुलाखालून ट्रक जायला साडेपाच मीटर उंची लागते, वरची जाडी धरून रस्ता साडेसहा-सात मीटर वर चढवावा लागतो. चढ साधारण तीसला एक ठेवतात, म्हणजे तीस मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर. साडेसहा गुणिले तीस, जवळपास २०० मीटर. हा २०० मीटरचा चढ दोन्ही बाजूला काँक्रीटच्या पॅनलच्या भिंती लावून मधी माती भरून करतात, कारण ते स्वस्त पडतं. झालं काय, तर मधी २०-२५ मीटरचं एक दार आणि त्याच्या दोन्हीकडं मिळून ४०० मीटरची गावाच्या छातीएवढी नाही, डोक्याच्या वर गेलेली भिंत. जिथं आधी चार गल्ल्या रस्त्याला भिडायच्या त्यातल्या तीन बंद. भिंतीच्या कडेला दुपारीसुद्धा कुणी नसतं, संध्याकाळी बाया तिकडून जात नाहीत, दुकानं बसतात. हाच पूल पिलरवर आणखी पुढपर्यंत नेला तर खालून सगळं आरपार मोकळं राहतं, दिसतं, चालता येतं, भाजीवाले बसतात. खर्च जास्त होतो, खोटं कशाला बोलायचं. पण गावागावांत लोक ‘भराव नको, पिलर द्या’ म्हणून हायवेवर बसतात त्यांचं म्हणणं शंभर टक्के तांत्रिक असतं, राजकीय नसतं. आणि ते काम सुरू व्हायच्या आधी म्हणावं लागतं, भराव झाल्यावर तो उकरून पिलर देण्याचा उत्साह कुणालाच नसतो.

दुसरी गोष्ट पादचारी पूल, म्हणजे जिने असलेला लोखंडी पूल. मागणी आली की हा पटकन मिळतो कारण यानं गाड्यांना एक सेकंदसुद्धा थांबावं लागत नाही. सहा मीटर चढायचं म्हणजे १५ सेंटीमीटरची एक पायरी धरली तर ४० पायऱ्या, वरून चालत जायचं, परत ४० उतरायच्या. अशाच एका पुलाखाली दुभाजकाच्या फटीतून पलीकडं जाणाऱ्या भाजीवाल्या मावशीला विचारलं, मावशी, पूल आहे की, वरून का जात न्हाईत? ती डोक्यावरचं टोपलं सावरत म्हणली, “तू घी टोपलं अन् चढून दाव, मंग मी येते मागून.” विषय संपला. त्या फटीत कुणीतरी चढायला सोपं जावं म्हणून दोन सिमेंटच्या विटा मांडून ठेवलेल्या, दुभाजकाचा पेंट तेवढ्या जागी हातानं घासून गुळगुळीत झालेला. कुठल्याही सल्लागार कंपनीच्या रिपोर्टपेक्षा ती जागा जास्त सांगते. रोज शेकडो माणसं इथूनच ओलांडतात, तर ओलांडायची सोय इथंच पाहिजे, तीनशे मीटर पुढच्या सोयीच्या जागेवर नाही.

खालून जाणारा भुयारी मार्ग, ज्याला आपण सरळ बोगदा म्हणतो, तो पुलापेक्षा बरा, कारण माणसाची उंची दोन मीटर असते, ट्रकची चार, त्यामुळं माणसाला कमी उतरावं-चढावं लागतं. भराव असलेल्या रस्त्याला तर तो जमिनीच्या लेव्हललाच काढता येतो, एक पायरी नाही, सायकल, हातगाडी, व्हीलचेअर, बैल सगळं जातं. पण मराठवाड्यात बोगद्याचा खरा दुश्मन पाणी आहे. आपला पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग सप्टेंबरमध्ये एका रात्रीत सगळा हिशोब चुकता करतो. बोगद्याचा तळ शेजारच्या नाल्यापेक्षा खाली गेला की पाणी आपोआप निघत नाही, पंप लागतो, पंपाला वीज लागते, विजेचं बिल कुणी भरायचं यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार लागतो, आणि तोवर पोरं गुडघाभर पाण्यातून शाळेला. म्हणून बोगदा मागताना पहिला प्रश्न लांबी-रुंदीचा नाही विचारायचा, पाणी कुठं जाणार ते विचारायचं. दुसरा प्रश्न आरपार दिसतं का. आत वळण असेल, लाईट नसेल तर अंधार पडल्यावर तो अर्ध्या लोकसंख्येसाठी बंदच असतो.

समृद्धी महामार्गाला हीच गोष्ट वेगळ्या अंगानं लागू होते. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण सुरू झाला, आपल्या संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यातून जातो. तिथं १२० ची वेगमर्यादा आहे, दोन्हीकडं कुंपण, रस्त्यावरून चालत ओलांडणं शक्यच नाही आणि नसावंही. अशा रस्त्यावर जिथं बोगदा किंवा पूल ठेवला तीच वाट, बाकी नाही. ज्याचं घर अलीकडं आणि विहीर पलीकडं गेली त्याला बोगदा कुठं आहे त्यावरून रोजचा फेरा ठरतो. म्हणून अशा रस्त्यांचं जोडणं आखणीच्या नकाशावरच करावं लागतं.

पण शहराच्या आतल्या रस्त्यांना, म्हणजे जालना रोड, बीड बायपास यांना समृद्धीचा नियम लावायची गरज नाही. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको असे उड्डाणपूल एकामागून एक झाले, आता शेंद्रा ते वाळूज अखंड पूल आणि मेट्रोची चर्चा आहे. २०२५ च्या जूनपासून महापालिकेनं मुकुंदवाडी आणि इतर रस्त्यांवर कडेची बांधकामं पाडून रुंदीकरण काढलं. रस्ता ६० मीटर झाला की छाती फुलते सगळ्यांची, पण सुरुवातीचं गणित आठवा, ६० मीटर म्हणजे चालणाऱ्याला सलग ५० सेकंद. रुंद केलेल्या रस्त्यात दोन-तीन ठिकाणी थांबायला बेटं नसतील, जमिनीवरचे झेब्रा क्रॉसिंग आणि पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा सिग्नल नसेल, तर मुकुंदवाडीची उत्तर आणि दक्षिण ही दोन गावं होणार. जमिनीवरून, सिग्नल लावून ओलांडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि नेमका त्याचाच आपल्याला कमीपणा वाटतो. गाड्या ४० सेकंद थांबतील म्हणून? थांबू द्या की.

जोडल्यावर भांडणं संपतात असंही नाही. रस्ता गेला, बाग आली की कडेच्या जागेचे भाव चढतात आणि ज्यांनी चाळीस वर्षं धूर खाल्ला ते भाडेकरू बाहेर फेकले जातात, अमेरिकेत वस्ती जोडण्याच्या बैठकांत हा मुद्दा कायम निघतो. रोंडोत तर हायवेवर झाकण घालून नव्यानं मिळणारी जागा जुन्या लोकांच्या ताब्यात कशी राहील यावरच खल चाललाय. आपल्याकडं गुंठेवारीत नियमितीकरण न झालेल्या घरांचा प्रश्न आधी येईल, कारण कागद नसलेल्याला रुंदीकरणात मोबदलाही नाही आणि जोडणीत हिस्साही नाही.

आता शेवटचा आणि जरा चीड आणणारा मुद्दा. नॅशनल हायवेवर धोक्याची जागा, ब्लॅक स्पॉट, ठरवायची व्याख्या अशी: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी झालेले ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे दुरुस्तीच्या यादीत यायला आधी तेवढी माणसं जावी लागतात. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती, आणि एकूण मृत्यूंपैकी ३६ टक्के नॅशनल हायवे आणि एक्स्प्रेसवेवर, जे लांबीनं देशाच्या रस्त्यांच्या फक्त २ टक्क्यांच्या आसपास आहेत. पण या मोजणीत एक भोक आहे. ज्या ठिकाणी लोकांनी घाबरून ओलांडणंच सोडलं तिथं अपघात होत नाहीत, मग ती जागा कागदावर एकदम सुरक्षित दिसते. पलीकडच्या शाळेतून पोरांची नावं काढून घेतली, ते दुसऱ्याच खात्याचं रजिस्टर.

म्हणून तुमच्या वस्तीचं निवेदन द्यायचं असेल तर ‘पूल द्या’ एवढंच लिहू नका, कुठला पूल ते खालच्या टेबलावरचा माणूस ठरवेल आणि तुम्हाला ४० पायऱ्या मिळतील. आधी तो रस्ता कुणाचा आहे ते काढा, नॅशनल हायवे प्राधिकरण, पीडब्ल्यूडी, एमएसआरडीसी म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, की महापालिका, कारण एकाच रस्त्याचा दुभाजक एकाचा आणि सर्व्हिस रोड दुसऱ्याचा असला की निम्मं वर्ष तिथंच जातं. नवा बायपास झाल्यावर जुना रस्ता राज्याकडं हस्तांतरित होतो, तेव्हा एकदा दुरुस्तीचे पैसे मिळतात, बेटं, क्रॉसिंग, सिग्नल त्यातच बसवून घ्यायची ती वेळ, नंतर कुणी दारात उभं करत नाही. रस्त्यांचे मापदंड ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, तिचं पादचाऱ्यांच्या सोयींसाठीचं मार्गदर्शक आहे, आयआरसी १०३ नावानं, त्याचा उल्लेख करा, समोरचा साहेब थोडा सावरून बसतो.

आणि मोजणी तुम्हीच करा. कॉलेजची चार पोरं सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ बसवा, किती माणसं आडवी गेली, त्यात दप्तरवाली किती, म्हातारी किती, डोक्यावर ओझं घेतलेल्या बाया किती, दुभाजकावर किती वेळ अडकून उभी राहिली. आठवडी बाजाराचा दिवस वेगळा धरा, शाळेला सुट्टी असलेला दिवस धरूच नका. गज वाकलेल्या जागांचे फोटो काढा, शेजारच्या विजेच्या खांबाचा नंबर टाका म्हणजे जागा कुठली यावर वाद नको. हे सगळं अर्जाला जोडा, एक प्रत नगरसेवकाला, एक प्रत आमदाराला, आणि मूळ अर्जाची पोच शिक्का-तारखेसकट हातात पडल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.